एका सदऱ्याचे पोटहिस्से

(लेखक : एक सेवानिवृत्त अव्वल कारकून, महसूल खातें)

"जागतिकीकरण" हा शब्द वर्तमानपत्रांत नित्य वाचावयास मिळतो, व त्याच्या जोडीस "आउटसोर्सिंग" हा दुसरा शब्दही आतां मराठींत रुळला आहे. परंतु या दोन शब्दांचा कापूस पिकविणाऱ्या खातेदाराशीं नेमका संबंध काय, हें उलगडून सांगणारा मजकूर क्वचितच दृष्टीस पडतो. कोणी त्यांस देशाच्या उत्कर्षाचा राजमार्ग म्हणतात, कोणी साऱ्या अनर्थाचें मूळ म्हणतात. आणि दोन्ही पक्ष ते शब्द इतक्या वेळां उच्चारतात कीं, त्यांचा अर्थच झिजून जातो. म्हणून प्रस्तुत लेखांत साऱ्या जगाचा पसारा न मांडतां एकच जिन्नस हातीं घेण्याचें योजिलें आहे. तो जिन्नस म्हणजे साधा सुती सदरा. सरकी पेरल्यापासून तो सदरा परदेशांतील एखाद्या दुकानांत टांगला जाईपर्यंत त्याचें काम कोणकोणत्या हातांतून जातें, आणि त्या प्रत्येक हातीं काय उरतें, एवढें पाहिलें असतां पुष्कळ उलगडा होण्यासारखा आहे.

कापसाचा व्यापार समुद्रापार पसरला तो कांहीं आजकाल नव्हे. सन १८६१ मध्यें अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण संस्थानांत यादवी युद्ध जुंपलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखून धरलीं, तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची दृष्टि मुंबईकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील कापसास पूर्वीं कधीं न मिळालेला भाव आला. मुंबईंत तर पैशाचा असा पूर लोटला कीं, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे भाग लोक डोळे मिटून घेऊं लागले. १८६५ मध्यें युद्ध संपल्याची बातमी आली आणि भाव कोसळले. पेढ्या बुडाल्या, मोठमोठीं घराणीं रस्त्यावर आलीं. पुणें जिल्ह्यांत याच सुमारास मूळ पाहणीची तीस वर्षांची मुदत संपून फेरआकारणी होऊं लागली होती, व ती करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें तेजीचे भाव होते. पुढें १८७५ च्या मे महिन्यांत भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांचीं कर्जखतें जाळलीं. त्या दंग्याचीं कारणें अनेक होतीं. तथापि सरकारी चौकशींत कापसाच्या तेजीमंदीचीही त्यांत गणना झाली, आणि १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा त्यांतूनच निघाला. जुनीं दप्तरें चाळणाऱ्यास हा इतिहास ठाऊक असतो. तात्पर्य, परक्या मुलुखांतील घडामोडीचा आंच येथील ओसरीपर्यंत पोंचणें ही गोष्ट दीडशें वर्षांहून जुनी आहे.

मग आज नवें तें काय? नवें हें कीं, त्या काळीं माल हिंडत असे व काम एका जागीं असे. कापूस येथून गांठी बांधून जाई. पण सूत काढणें, विणणें, रंगविणें हें सारें लँकेशायरच्या त्याच चार गांवांत होई. सांप्रत कामच हिंडूं लागलें आहे.

आपल्या परिचयाच्या भाषेंत सांगावयाचें तर एका सर्व्हे नंबरचे जसे पोटहिस्से पडतात, तसे सदऱ्याच्या कामाचे पोटहिस्से पडले आहेत. कापूस यवतमाळचा असेल किंवा ब्राझीलचा. सूत कोइमतुरास निघेल किंवा व्हिएतनामांत. कापड चीनमध्यें विणलें व रंगविलें जाईल. शिवण ढाक्यास पडेल. आणि सदऱ्याचा नमुना काढणारा व तो विकणारा न्यूयॉर्कांत किंवा स्टॉकहोमांत बसलेला असेल. ज्याचें नांव सदऱ्याच्या गळ्याशीं चिठ्ठीवर शिवलेलें असतें, तो या साऱ्यांचा मूळ खातेदार. त्याचा स्वतःचा कारखाना बहुधा नसतोच. तो नमुना ठरवितो, दर ठरवितो, मुदत ठरवितो आणि गिऱ्हाईक स्वतःच्या हातीं ठेवतो. बाकी सारें मक्त्यानें. आपलें काम आपल्या घरीं न करतां ठरल्या दरानें दुसऱ्याकडून, व तोही बहुधा परदेशांतला, करून घेणें यालाच आउटसोर्सिंग म्हणतात.

ही रीत आपणांस अगदींच अनोळखी आहे असें नाहीं. साखर कारखाना ऊसतोडणी कामगारांस स्वतः नोकरीस ठेवीत नाहीं. करार होतो तो मुकादमाशीं. मुकादम उचल देऊन टोळी आणतो. आणि तोडणाऱ्यास कांहीं दुखापत झाली म्हणजे कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचें नांव सांपडत नाहीं. हीच व्यवस्था समुद्रापार नेली, मुकादमाच्या जागीं कारखानदार बसविला, म्हणजे आजच्या जगाच्या व्यापाराचें बरेंचसें चित्र पुरें होतें.

काम असें तुकड्यातुकड्यांनीं देशोदेशीं वांटतां येऊं लागलें, याचें एक मोठें कारण अगदीं ओबडधोबड आहे. तें म्हणजे लोखंडी पेटी. २६ एप्रिल १९५६ रोजीं माल्कम मॅक्लीन नांवाच्या एका अमेरिकन मालमोटारवाल्यानें नेवार्क बंदरांतून ह्यूस्टनकडे "आयडियल एक्स" या जहाजावर ५८ डबे चढवून पाठविले. मोटारीवरून माल न उतरवितां आख्खा डबाच उचलून जहाजावर ठेवावयाचा, एवढीच ती युक्ति. सुटा माल हमालांकडून चढविण्यास त्या काळीं टनामागें ५ डॉलर ८६ सेंट पडत. हें काम सुमारें १६ सेंटांत झालें. पुढें साऱ्या जगानें या पेट्यांचें एकच माप मान्य केलें, व आपल्याकडे १९८९ मध्यें सुरू झालेलें न्हावा-शेवा बंदर तर मुख्यतः त्यांच्याकरितांच वाढलें. वाहतूक इतकी स्वस्त झाली कीं, सदरा दोन समुद्र ओलांडून गेला तरी त्याच्या किंमतींत अंतराचा खर्च फारसा दिसेनासा झाला. तारायंत्राच्या जागीं संगणक आल्यामुळें नमुना व हिशेब क्षणांत पोंचूं लागले, हें तर सर्वांस ठाऊक आहेच.

दुसरें कारण मात्र असें आहे कीं, तें वाचून सरकारी नियमांचे परिणाम पाहिलेल्या माणसास हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. गरीब देशांतील स्वस्त कापडामुळें आपल्या गिरण्या बुडतील या धास्तीनें श्रीमंत देशांनीं १९७४ पासून एक करार अमलांत आणला. कोणत्या देशांतून किती कपडे येऊं द्यावयाचे, याची देशवार मर्यादा त्यांत ठरविलेली असे. दक्षिण कोरियाची मर्यादा लौकरच भरूं लागली. तेव्हां तेथील कारखानदार, ज्यांच्या वांट्याची मर्यादा रिकामी पडली आहे असे देश शोधीत निघाले. बांगला देशांत तेव्हां परदेशीं पाठविण्याजोगे कपडे शिवणारे कारखाने नांवालाच होते. कोरियाच्या देवू कंपनीनें तेथील "देश गारमेंट्स" या नव्या कंपनीशीं करार केला व १९७९ मध्यें तिचीं १३० माणसें शिकण्याकरितां कोरियांतील बुसान येथें गेलीं. परत आल्यावर कांहीं वर्षांतच त्यांपैकीं बहुतेकांनीं ती नोकरी सोडली, आणि कोणी स्वतःचे कारखाने काढले, कोणी दुसऱ्यांस काढून दिले. ज्या मर्यादेनें काम अडवावयाचें, त्याच मर्यादेनें तें एका नव्या देशांत नेऊन रुजविलें. १ जानेवारी २००५ पासून मर्यादा उठल्या. आतां सारें काम चीन गिळील व बांगला देश उघडा पडेल असें जाणत्यांचें भाकित होतें. तें खरें ठरलें नाहीं, कारण तोंवर तेथील हात तयार झाले होते व मजुरी अत्यंत कमी होती.

लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या देशांत कापूस जवळजवळ पिकतच नाहीं. तरी त्याच्या एकंदर निर्गतींत चार-पंचमांशांहून अधिक वांटा कपड्यांचा आहे. खेड्यापाड्यांतल्या लाखों मुली ढाक्यास येऊन शिवणयंत्रावर बसल्या. कित्येक घरांत प्रथमच रोख पगार आला व मुलींचीं लग्नें लांबून त्या शाळेंत टिकल्या. हें सुख लहान नव्हे. जे लोक या नव्या व्यापारास सरसकट शिव्या देतात, त्यांनीं त्या घरांचा विचार केलेला नसतो, असें माझें मत आहे.

परंतु त्याची दुसरी बाजू २४ एप्रिल २०१३ रोजीं साऱ्या जगानें पाहिली. ढाक्याजवळ सावार येथें राणा प्लाझा नांवाची आठ मजली इमारत होती. वरचे मजले परवानगीवांचून चढविलेले, व त्यांत पांच शिवण कारखाने यंत्रांसह थाटलेले. आदल्या दिवशीं भिंतींस तडे गेले. त्याच इमारतींतल्या बँकेनें आपल्या माणसांस घरीं पाठविलें. कारखानदारांनीं मात्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं बायाबापड्यांस आंत बोलाविलें, कारण माल वेळेवर जहाजावर चढावयाचा होता. इमारत कोसळली व ११०० हून अधिक माणसें मेलीं. ढिगाऱ्यांत परदेशी कंपन्यांच्या चिठ्ठ्या सांपडल्या, तेव्हां त्यांपैकीं कांहींनीं सांगितलें कीं, आमचें काम त्या ठिकाणीं चाललें आहे याची आम्हांस वार्ताही नव्हती. तें अगदींच खोटें असेल असें नाहीं. मक्तेदारानें पोटमक्ता दिलेला असतो, पोटमक्तेदारानें आणखी कोणास. आणि मूळ खातेदारास वहिवाट कोणाची चालली आहे तें पाहण्याची गरजच वाटत नाहीं.

येथें मला कुळांची आठवण होते. १९४८ च्या कुळकायद्यापूर्वीं वर्षावर्षाच्या करारानें जमीन कसणाऱ्याची जी स्थिति होती, तीच ढाक्याच्या कारखानदाराची आहे. दर खालीं आणा, नाहींतर पुढच्या हंगामाचें काम व्हिएतनामास किंवा इथिओपियास देतों, एवढें म्हटलें कीं पुरें. कुळास अखेर कायद्यानें आधार दिला. समुद्रापारच्या कुळास आधार देणारा कायदा मात्र कोणत्या कचेरींत नोंदवावा, हेंच ठरलेलें नाहीं. राणा प्लाझानंतर पुष्कळ परदेशी कंपन्यांनीं कामगार संघांशीं इमारतींच्या तपासणीचा बंधनकारक करार केला, व तेथील सरकारनें किमान मासिक वेतन ३००० टकांवरून ५३०० टका केलें. डिसेंबर २०२३ पासून तें १२,५०० टका झालें. हें थोडें नव्हे, पण तें घडून येण्यास किती प्रेतें पडावीं लागलीं, तेंही ध्यानांत ठेवावें.

ज्या गांवांतून काम निघून गेलें त्यांची कथा थोडक्यांत सांगतों. लँकेशायर एके काळीं जगास कापड नेसवीत असे; १९५८ मध्यें इंग्लंडांत बाहेरून येणारें सुती कापड बाहेर जाणाऱ्या कापडाहून अधिक झालें. मुंबईंत १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले व तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाहीं. संपानें गिरण्या बुडाल्या असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु विणकाम त्याच्या कितीतरी आधींपासून भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे जाऊं लागलें होतें, जेथें मजुरी कमी व कायदा दूर. म्हणजे घरच्या घरीं पोटमक्ता देण्याची रीत आपणही जाणत होतों. गिरण्यांच्या जागेवर आज मनोरे उभे आहेत, आणि कोंकण व घाटावरच्या ज्या घरांस मुंबईहून मनिऑर्डर येत असे, त्यांचा आधार तुटला. कारकुनी कामही यांतून सुटलें नाहीं. १९८५ मध्यें एका अमेरिकन कंपनीनें बंगळूरास कचेरी थाटून उपग्रहाच्या द्वारें काम परदेशीं पाठविण्यास आरंभ केला. पुढें परक्या रुग्णालयांचीं बिलें व बँकांच्या खतावण्या पुण्यास बसून लिहिल्या जाऊं लागल्या. त्यांत आपल्या मुलांचें कल्याण झालें, व तिकडच्या कारकुनांचें काय झालें तें त्यांस विचारावें.

आतां आपल्या शेताकडे येऊं. एक क्विंटल कापसांत सामान्यतः ३४ किलोच्या आसपास रुई निघते. हलक्या विणीच्या एका सदऱ्यास घट धरून सुमारें २०० ग्रॅम रुई लागते असें मानिलें, तर क्विंटलमागें १७० सदरे होतात. सन २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये होता. त्यास १७० नीं भागलें असतां, सरकीची किंमत न वगळतांही, सदऱ्यामागें शेतकऱ्याच्या वांट्यास पन्नास रुपयांहून कमी येतात. आणि त्यांतूनच बीं, खत, फवारणी व वेंचणी भागवावयाची. तोच सदरा परदेशांत किती डॉलरांस विकला जातो, तें ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्यांनीं विचारून पाहावें. शिवणाऱ्या बाईचा वांटा तर आपल्याहूनही लहान आहे. तेव्हां आपला भाव ढाक्याच्या शिंपिणीनें खाल्ला असें समजण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

भाव ठरतो तो मुख्यतः न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे पाहून, व त्या बाजारांतील कापूस सर्व ठिकाणीं सारख्या खर्चांत पिकलेला नसतो. अमेरिकेचें सरकार तेथील कापूस उत्पादकांस मोठें अर्थसाह्य देत आलें आहे. भाव पडला तरी तो शेतकरी पेरणी सोडीत नाहीं. मग पडलेला भाव इतरांनीं सोसावयाचा. ब्राझीलनें २००२ मध्यें याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दावा लावला आणि २००५ मध्यें अपीलांतही तो जिंकला. अमेरिकेनें अखेर २०१४ मध्यें ब्राझीलास ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटविला. बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या आफ्रिकेंतील चार गरीब देशांनीं २००३ मध्यें हीच तक्रार मांडली होती. त्यांच्या पदरीं तसलें कांहीं पडलें नाहीं. ब्राझील मात्र स्वस्थ बसला नाहीं. हजारों एकरांच्या शेतांवर यंत्रानें वेंचणी करून २०२३-२४ मध्यें कापसाच्या निर्गतींत त्यानें अमेरिकेसही मागें टाकलें.

आपल्या देशांत शेतकरी व गिरणी यांचें हित एक नाहीं, हें वारंवार दिसून आलें आहे. एप्रिल २०१० मध्यें व पुन्हा मार्च २०१२ मध्यें सरकारनें कापसाची निर्गत एकाएकीं थांबविली. गिरण्यांस कापूस स्वस्त मिळावा हाच हेतु. या दोहोंमध्यें, मार्च २०११ त, जगाच्या बाजारांत कापूस पौंडास दोन डॉलरांवर गेला होता. पुढें फेब्रुवारी २०२१ मध्यें बाहेरून येणाऱ्या कापसावर एकंदर ११ टक्के जकात बसविली, तेव्हां शेतकऱ्यास थोडा आडोसा मिळाला.

या आडोशाचें २०२५ मध्यें काय झालें, तें सविस्तर सांगणें अवश्य आहे. कारण साऱ्या लेखाचा मुद्दा त्या एका महिन्यांत एकवटला आहे. अमेरिकेनें ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के व २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के जकात लावली. कारण कापसाचें नव्हतेंच. वाढीव जकातीस निमित्त रशियाच्या खनिज तेलाच्या खरेदीचें होतें. तामिळनाडूंतील तिरुपूर हें विणीच्या कपड्यांचें मोठें ठिकाण, व तेथील बराच माल अमेरिकेस जातो. तिकडच्या खातेदारांनीं मागण्या रोखून धरल्या. तिरुपूरचें कूळ जगावें म्हणून आपल्या सरकारनें १९ ऑगस्टपासून कापसावरील ती ११ टक्के जकात माफ केली. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत.

तिरुपूरच्या बाजूनें पाहिलें तर मागणी अयोग्य म्हणतां येणार नाहीं. तेथेंही पोटें आहेत. परंतु तारखांकडे पाहावें. पेरणी जूनांत झाली होती. कापूस कीं सोयाबीन, हा निर्णय घेतांना शेतकऱ्यानें ११ टक्क्यांचा आडोसा गृहीत धरलेला. तो ऑगस्टांत निघाला, आणि वेंचणी ऑक्टोबर ते डिसेंबरांत, म्हणजे माफीच्या मुदतींतच आली. कारखानदार पुढच्या महिन्यांत काम दुसरीकडे हालवूं शकतो, व्यापारी दुसऱ्या देशांतून गांठी मागवूं शकतो. शेतांत उभें पीक कोठेंही हालवितां येत नाहीं.

त्या हंगामांत खुल्या बाजारांतील भाव पुष्कळ ठिकाणीं हमीभावाखालीं राहिले व शेतकऱ्यास भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीकडे पाहावें लागलें. तिकडे जावयाचें तर आधीं "कपास किसान" या मोबाइलवरील सोयींतून नोंदणी करावयाची, व तिला सातबाऱ्यावरील पीकनोंद जुळली पाहिजे. ज्यांनीं पीकपाहणी वेळेवर नोंदविलेली नसते, त्यांची तेथेंच अडचण होते. खातेफोड न झालेल्या सामाईक खात्यांत तर भावाभावांत कोणाच्या नांवें किती कापूस, हाच वाद निघतो. शिवाय कापसांतील ओलावा १२ टक्क्यांहून अधिक असल्यास महामंडळ तो घेत नाहीं, व आठ टक्क्यांच्या वर गेल्यास भावांत कपात होते. परतीचा पाऊस लांबलेल्या वर्षीं पहिल्या वेंचणीचा कापूस या मर्यादेंत क्वचितच बसतो. दिवाळीकरितां रोख पैसा तर हवाच असतो. म्हणून तो ओला कापूस वाळविण्यास न थांबतां, मिळेल त्या भावानें गांवांतील व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो, आणि २०२५ मध्यें नेमक्या त्याच आठवड्यांत बिनजकातीच्या परदेशी गांठी बंदरांवर उतरत होत्या.